खान्देशच्या उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या: सकाळी दहाच्या आत काय उरकावे, दुपारी काय टाळावे

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला, की परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. कोंबडी सकाळी धडधाकट दाणे टिपत होती आणि दुपारी चारला कोपऱ्यात मान टाकून मेलेली सापडली. चौकशी केली तर पाणी ठेवलेले असते, सावली असते आणि दाणाही भरपूर दिलेला असतो. चूक बहुतेक वेळा वेळेची असते. दुपारी दोनला सुरू केलेली धावपळ कोंबडीच्या उपयोगी पडत नाही, कारण त्या दुपारचा निकाल सकाळी दहाच्या आधीच लागलेला असतो.

यामागचे कारण समजून घेतले, तर पुढचा सगळा क्रम आपोआप लक्षात राहतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि हवा तिशीच्या पुढे गेली, की ती चोच उघडून धापा टाकू लागते. हवाच ४१ अंशांच्या वर गेली, म्हणजे अंगातली उष्णता हवेत सोडण्याची सोय संपते. मग श्वासावाटे उडून जाणाऱ्या पाण्याने जेवढा गारवा मिळेल, तेवढ्यावरच तिचा जीव टिकून राहतो. त्यामुळे दोनच गोष्टी हाताशी उरतात: तिच्या पोटात पुरेसे पाणी जाऊ देणे आणि पोटातल्या दाण्यामुळे वाढणारी उष्णता भर दुपारी वाढू न देणे.

टप्पा १: होळी झाली की खुराडे हाती घ्यावे

खुराड्याचे काम एप्रिलवर ढकलू नये. पत्रा तापू लागल्यावर त्यावर चढून काम करणेही अवघड होते आणि ठोकाठोकीने कोंबड्या बिथरतात, ते वेगळेच.

पहिले काम छपराचे. पत्र्याला बाहेरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत आणि चुना टिकावा म्हणून त्यात थोडा डिंक मिसळावा. त्यानंतर पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून वर शेडनेट ताणावे किंवा बांबूच्या ताटीवर केळीची वाळलेली पाने, कडबा अथवा पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा) थर द्यावा. मधले अंतर महत्त्वाचे आहे. थर पत्र्याला चिकटून बसला, तर तो स्वतः तापून पत्र्याला उष्णता देत राहतो. मधून हवा खेळत असेल, तर तीच उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. छपराची पागोळी पश्चिमेच्या बाजूला दोन-तीन फूट पुढे काढावी, कारण दुपारी तीननंतर तिरपे ऊन तिथूनच आत शिरते.

सावधान: पऱ्हाट्या आणि वाळलेली केळीची पाने मे महिन्यात ठिणगीसरशी पेटतात. खुराडे चुलीजवळ असेल किंवा वरून विजेची तार गेलेली असेल, तर हा थर न घालता शेडनेटच वापरावे.

दुसरे काम हवेचे. मुंगूस आणि रानमांजराच्या भीतीने बहुतेक घरी रात्री खुराड्याला फळी लावून वर दगड ठेवतात. भीती खरी आहे, पण उन्हाळ्यात त्या बंद पेटीत वीस कोंबड्यांच्या अंगाची ऊब रात्रभर साचते. दिवसभर तापलेल्या कोंबडीला निवायला रात्रच मिळते आणि ती रात्रच हिरावली गेली, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन तिला लवकर पाडते. म्हणून फळीच्या जागी बारीक छिद्रांची मजबूत लोखंडी जाळी बसवावी आणि समोरच्या भिंतीतही तशीच खिडकी ठेवावी, म्हणजे वारा आरपार जाईल.

गर्दीचा विचार याच वेळी करावा. एका मोठ्या कोंबडीला खुराड्यात दोन ते अडीच चौरस फूट जागा हवी. ती पुरत नसेल, तर विकायचे नर मार्चमध्येच विकून टाकावेत. मे महिन्यातल्या आठवडे बाजारात पाय बांधून, उलटी लटकवून नेलेली कोंबडी वाटेतच अर्धमेली होते. न्यायचीच झाली, तर पहाटे, हवेशीर डालग्यात न्यावी.

जमिनीवरचा भुशाचा किंवा टरफलांचा थर हिवाळ्यात जाड असतो. तो आता दोन इंचांवर आणावा. भुईमुगाची टरफले वापरणाऱ्यांनी ती कोरडी राहतील, याची काळजी घ्यावी, कारण ओल लागली की त्यांना लवकर बुरशी येते.

तपासणी: दुपारी तीन वाजता खुराड्यात हात घालून तळवा पत्र्याखाली चार बोटांवर धरावा. तव्यावर धरल्यासारखी धग लागत असेल, तर छपराचे काम अपुरे झाले आहे. एक साधा तापमापक जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे कोंबडीच्या डोक्याच्या पातळीला टांगून ठेवावा. आपल्या डोक्याच्या उंचीवरचा आकडा या कामी उपयोगाचा नाही.

टप्पा २: पाण्याची मांडणी

एरवी कोंबडी खाल्लेल्या दाण्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. कडक उन्हात हेच प्रमाण चौपट किंवा त्याहूनही जास्त होते. मोठ्या कोंबडीला एरवी पाव लिटर पुरत असेल, तर मे महिन्यात अर्धा लिटर लागते. पंधरा कोंबड्या सात-साडेसात लिटर पितील. सांडणे आणि उडणे धरून बारा लिटरची तयारी ठेवावी.

पाणी एकाच मोठ्या घमेल्यात ठेवणे ही सर्रास होणारी चूक आहे. कळपातली दांडगी कोंबडी त्या घमेल्याजवळच सावलीत ठाण मांडते आणि दुबळ्या कोंबड्या जवळ आल्या, की टोचून हाकलते. मी स्वतः एका दुपारी अर्धा तास बसून पाहिले आहे. एक तुरेवाली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, तीन वेळा पाण्यापर्यंत आली, तीनही वेळा मानेवर टोच खाऊन परत गेली आणि शेवटी पाण्यापासून चार हातांवर चोच उघडी टाकून बसून राहिली. पाणी भरलेले होते, पण तिच्यापुरते ते नव्हतेच. म्हणून पंधरा कोंबड्यांना किमान चार ठिकाणी, एकमेकींना दिसणार नाहीत अशा आडोशांना पाणी ठेवावे.

भांडे मातीचे, पसरट, म्हणजे परळ असावे. रापलेल्या परळातून पाणी झिरपते, उडते आणि त्यामुळे आतले पाणी गार राहते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर हा गारवा फारच चांगला मिळतो. परळ सावलीत अर्धे जमिनीत पुरावे, म्हणजे ते उलटतही नाही. लहान पिले असतील, तर परळात गोटे टाकावेत. चार बोटे पाण्यातही पिलू बुडून मरते.

सावधान: अंगणातून गेलेल्या नळीतले किंवा गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी थेट परळात सोडू नये. नळीत साचलेले पहिले पाणी चटका बसेल इतके तापलेले असते. कोमट पाण्याकडे कोंबडी पाठ फिरवते आणि घसा कोरडा पडला, तरी पीत नाही. दुपारचे पाणी सकाळीच घरातल्या माठात किंवा रांजणात भरून ठेवावे.

टप्पा ३: सकाळचा क्रम

हा भाग नीट वाचावा, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात.

पहाटे पाच: खुराडे उघडून कोंबड्या मोजाव्यात. रात्री कुणी बसून राहिली असेल, तर ती याच वेळी लक्षात येते. परळ घासून, रात्रीचे पाणी टाकून ताजे भरावे.

साडेपाच: दाणा टाकावा. ज्वारी, मका, तांदळाची कणी, जे घरात असेल ते चालेल. बाजरी उष्ण आणि दादर (रब्बीची ज्वारी) थंड, असे आपल्याकडे सांगतात, परंतु दाणा कोणता याहून तो किती वाजता पोटात गेला, हे उन्हाळ्यात मोलाचे आहे. तयार खाद्य देत असाल, तर ते थोडे ओलसर करून दिल्यास मंदावलेल्या भुकेतही कोंबडी खाते. मात्र ओले खाद्य दोन तासांत आंबते. उरलेले लगेच काढावे.

साडेआठ: उरलेला सगळा दाणा उचलावा. दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यानंतर साधारण तीन ते पाच तासांनी ती सर्वाधिक असते. साडेआठला खाणे थांबले, तर ऊन पुरते चढेपर्यंत ही उष्णता ओसरू लागलेली असते. तोच दाणा अकराला टाकला, तर पोटातली भट्टी आणि वरचे ऊन दुपारी तीनला एकत्र भेटतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी हीच चूक केली होती. दुपारी एकच्या सुमारास कोंबड्या पायात घोटाळू लागल्या, म्हणून दया येऊन दोन ओंजळी मका टाकला. चार वाजता अंडी देणाऱ्या दोन कोंबड्या निंबाखाली मेलेल्या सापडल्या. उचलल्या, तेव्हा दोघींचीही गळ्याखालची अन्नपिशवी दाण्यांनी टच्च भरलेली हाताला लागली. त्या दिवसापासून दुपारी आमच्या घरी कोणीही, लेकरांनीसुद्धा, कोंबड्यांपुढे दाणा टाकत नाही.

नऊ: निंब, चिंच किंवा आंब्याखालची माती भुसभुशीत करून तिच्यावर हलके पाणी शिंपडावे. कोंबडी दुपारी तिथे उकरून, गार मातीत पोट टेकवून पडते. तिच्यासाठी याहून चांगली जागा नाही. चिखल मात्र होऊ देऊ नये.

साडेनऊ: पश्चिमेच्या बाजूला बारदान टांगून ओले करावे. बारदानाच्या वर आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर पडायला वाट हवीच. चारही बाजूंनी ओले बारदान गुंडाळले, तर आत दमट वाफ कोंडते आणि धाप लागूनही कोंबडीला गारवा मिळत नाही.

दहा: पाणी बदलावे. पारा ४२ च्या पुढे जाणार असेल, त्या दिवशी या पाण्यात कोंबड्यांसाठी मिळणारी क्षारांची पूड पाकिटावरच्या प्रमाणात मिसळावी. ती नसल्यास माणसांचे ओआरएस एका पाकिटाला एक लिटर याच प्रमाणात चालते. हे पाणी दोन वाजेपर्यंतच ठेवावे आणि शेजारी एका परळात साधे पाणीही असावे. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये. जास्त मीठ कोंबडीला विषासारखे बाधते.

तपासणी: दहा वाजता चार गोष्टी पाहाव्यात. दाणा कुठेही शिल्लक नाही, चारही परळे भरलेली आणि सावलीत आहेत, बारदान ओले आहे आणि प्रत्येक कोंबडी सावलीत पोहोचली आहे.

टप्पा ४: दुपारी बारा ते पाच

या पाच तासांत कोंबड्यांना शक्य तितके एकटे सोडावे. पकडणे, मोजणे, खुराडे झाडणे, भुसा उकरणे, लस टोचणे, यांतले काहीही करू नये. भुसा उकरला, की त्यातला उग्र वास आणि उष्णता दोन्ही वर येतात. लेकरांना आणि कुत्र्याला त्यांच्यामागे धावू देऊ नये. एक आणि तीन वाजता फक्त पाणी बदलावे आणि बारदान ओले करावे, तेही हळूच.

खायला द्यायचेच असेल, तर काकडी, कलिंगडाच्या साली अशी पाणीदार वस्तू थोडीशी द्यावी. रावेर-यावलकडे केळीचे खोड सहज मिळते. ते उभे चिरून, ओली बाजू वर करून सावलीत टाकले, तर कोंबड्या ते टोचत त्याच्या आसपास बसतात. संध्याकाळी ते उचलून टाकावे, नाहीतर आंबून माश्या होतात.

वीज असेल आणि पंखा लावला असेल, तर तो जमिनीच्या पातळीवर आडवा लावावा. मात्र पंख्यावर विसंबून छपराचे काम टाळू नये. भारनियमन नेमके दुपारीच आले, तर हाताशी काहीच उरत नाही.

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास दिवसाचा मोठा वाटा, साधारण दोन-तृतीयांश दाणा, टाकावा. कोंबडी अंधारात खात नाही, म्हणून याहून उशीर करू नये. दाण्यासोबत वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे ठेवावेत. सततच्या धापेने रक्तातला वायू आणि क्षारांचा तोल बिघडतो, त्यामुळे उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते. कवच मुख्यतः रात्री बनते, म्हणून हा चुरा संध्याकाळीच पोटात जाणे फायद्याचे.

सावधान: बांधकामाचा कळीचा चुना कोंबड्यांपुढे ठेवू नये. त्याने तोंड आणि आतडी भाजतात.

टप्पा ५: कोंबडी पडली तर

चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले, ही पहिली पायरी. गळ्याखालची कातडी भराभर थरथरणे, ही दुसरी. कोंबडी एकाच जागी बसून डोळे मिटू लागली, पंख जमिनीला टेकले आणि तुरा फिका किंवा निळसर पडला, की तिच्यापाशी थोडाच वेळ उरला आहे, असे समजून पुढील क्रमाने वागावे.

(१) पाठलाग न करता दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचलावे आणि वारा लागेल अशा सावलीत न्यावे.

(२) बादलीत माठातले पाणी घेऊन तिचे पाय आणि पोटाखालचा भाग तीन-चार मिनिटे बुडवावा. डोके वरच राहिले पाहिजे. बर्फाचे पाणी वापरू नये, त्याने एकाएकी धक्का बसतो.

(३) तुरा, गलोल (चोचीखालची लोंबती लाल कातडी) आणि पंखांखालची उघडी कातडी ओल्या फडक्याने पुसावी. केवळ पाठीवर पाणी ओतून उपयोग होत नाही, कारण पिसांवरून ते तसेच ओघळते.

(४) चोचीच्या कडेला बोटाने थेंब-थेंब पाणी लावावे आणि ती गिळते का, ते पाहावे. चोच फाकवून पाणी ओतू नये. ते श्वासनळीत गेले, तर उन्हातून वाचलेली कोंबडी त्याने मरते.

(५) शुद्धीवर आली, तरी लगेच कळपात सोडू नये, इतर कोंबड्या तिला टोचतात. संध्याकाळपर्यंत टोपलीखाली, शांत जागी, पाण्यासह ठेवावी. दाणा संध्याकाळीच द्यावा.

एक कोंबडी पडली, म्हणजे बाकीच्याही त्याच काठावर आहेत, असे धरून सगळी परळे आणि बारदान ताबडतोब पुन्हा पाहावे. अंगाने जड असलेल्या, सुधारित जातीच्या कोंबड्या हलक्या गावठी कोंबड्यांच्या आधी पडतात. त्यांच्याकडे आधी बघावे.

टप्पा ६: अंडी, खुडूक कोंबडी आणि पिले

अंडी दिवसातून तीन वेळा गोळा करावीत. कोंबडी बसलेली नसली, तरी आपल्याकडच्या दुपारच्या उष्णतेत फलित अंड्यातले बीज वाढू लागते आणि अर्धवट वाढून मरते. बाजूला काढलेली अंडी घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावीत आणि उबवायची असतील, तर चार-पाच दिवसांहून जुनी वापरू नयेत.

शक्य असल्यास मे महिन्यात कोंबडी अंड्यांवर बसवूच नये. बसवलीच, तर पत्र्याखाली न बसवता घरात, पडवीत, मातीच्या भांड्यात वाळूवर बसवावी. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी जीव गेला तरी अंडी सोडत नाही. तिला सकाळी आणि संध्याकाळी हाताने उठवून पाणी आणि दाणा द्यावा लागतो.

पिलांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणून विकत आणलेल्या पिलांवर दिवसरात्र बल्ब लावून ठेवणारे पुष्कळ जण आहेत. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच त्याहून गरम असते. बल्ब फक्त रात्री, तोही पिले एकमेकांवर चढून बसत असतील तेव्हाच लावावा. पिले कडेला पसरून चोची उघडत असतील, तर तो लगेच बंद करावा.

टप्पा ७: ऊन की रोग, हे ओळखणे

उन्हाने जाणारी कोंबडी दुपारी किंवा सायंकाळी जाते. मर पहाटेही सुरू असेल, शेण हिरवे असेल, मान वाकडी होत असेल किंवा दोन-तीन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या असतील, तर उन्हाला दोष देऊन गप्प बसू नये. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग उन्हाळ्यातही येतो. सन २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता, ही गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक कोंबडी पाळणाऱ्याने ध्यानात ठेवावी. अशा वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे, मेलेल्या कोंबड्या उघड्या हाताने हाताळू नयेत आणि नाल्यात तर मुळीच टाकू नयेत. साधी उन्हाने मेलेली कोंबडीसुद्धा तीन-चार फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावी.

राणीखेतची लस राहिली असेल, तर ती पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच द्यावी. लस पाण्यातून देणार असाल, तर त्या पाण्यात क्लोरिन, क्षारांची पूड किंवा औषध नसावे.

रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी आठवड्यातून एकदा पाहाव्यात. गोचीड आणि बारीक लाल किडे दिवसा लाकडाच्या सांध्यांत लपतात आणि रात्री रक्त पितात. आधीच थकलेली कोंबडी त्यांनी आणखी खंगते. फटी बुजवून चुन्याचा हात द्यावा.

टप्पा ८: नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून ढग येतात तेव्हा

मृगाच्या तोंडावर पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि पाळणारे निर्धास्त होतात. मला हाच आठवडा सर्वांत फसवा वाटतो. एप्रिल-मे महिन्यांतली आपली हवा कोरडी असते, म्हणून ओले बारदान, शिंपडलेली माती आणि मातीचे परळ गारवा देतात आणि कोंबडीच्या श्वासातले पाणीही सहज उडते. हवेत दमटपणा आला, की पाणी उडेनासे होते. त्यामुळे ३८ अंशांची दमट, कोंदट दुपार ४३ अंशांच्या कोरड्या दुपारइतकीच जीवघेणी ठरू शकते.

अंगाला चिकचिक जाणवू लागली, ओला कपडा तासाभरात वाळेनासा झाला, की त्या दिवसापासून बारदान ओले करणे थांबवून ते काढून टाकावे आणि वारा मोकळा करावा. शिंपण बंद करावे. पंखा असेल, तर आता त्याचा खरा उपयोग आहे. दाण्याच्या वेळा मात्र तशाच ठेवाव्यात, साडेआठला उचलणे आणि पावणेसहाला टाकणे. पहिला दमदार पाऊस पडून दोन-तीन रात्री चांगल्या निवल्या, की मगच दुपारचा दाणा पुन्हा सुरू करावा. त्याआधी छपरावरचा पऱ्हाट्यांचा थर उतरवावा, कारण तो भिजून कुजला, की त्यातच किडे आणि बुरशी पोसली जाते.